लांब बांधावरची एकडोळी दुर्बीण

मित्रांनो, माझे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे, अंग पितळेचे आहे आणि स्वभाव फारसा चांगला नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की स्वतःला मोठ्या सोशिक म्हणवून घेतात. मी तसे म्हणणार नाही. मी एका डोळ्याने बघायची, नळीसारखी लांब दुर्बीण आहे आणि मी आयुष्यभर मत्सर केला. कोणाचा केला आणि त्यातून काय झाले, तेवढेच आज सांगते.

माझा जन्म लंडनमधल्या एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. वरून कातडे शिवलेली एक जाड नळी आणि तिच्यात एकात एक सरकणाऱ्या तीन बारीक नळ्या, असे माझे अंग. माझ्या काचा घासणाऱ्या कारागिराच्या बोटांना कायम लाल भुकटी लागलेली असे. तो काच घाशी, धुई, उजेडात धरी आणि पुन्हा घाशी. शेवटी त्याने मला खिडकीतून बाहेर रोखले, दूरच्या चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात किती वाजले ते वाचले आणि म्हणाला, "चला, आता जेवायला हरकत नाही." मला माझ्या जन्माचे तेवढे एकच वाक्य आठवते.

पहिली काही वर्षे मी एका मालवाहू जहाजावर काढली. ते जहाज मोडीत निघाले आणि बंदरावरच्या एका जुन्या बाजारात मला होरेस लार्टरने उचलले. हा होरेस इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विव्हर्बी गावचा, खाजणाचा राखणदार. हिवाळ्यात उत्तरेकडून जे पक्षी तिथे उतरतात, त्यांना कोणी बंदूक लावू नये म्हणून त्याला ठेवलेले होते. गुडघ्यापर्यंत बूट, खिशात चीजचा तुकडा आणि पाठीवर मी. भरतीचे पाणी खाजणात शिरू लागले की हजारो पक्षी चिखल सोडून बांधाजवळ येत. मग होरेस बांधाच्या उतारावर चक्क उताणा झोपायचा.

तुम्हाला हसू येईल, पण त्या काळी माझ्यासारखीला धरायची हीच रीत होती. पाय पक्ष्यांकडे करायचे, डोके पिशवीवर टेकवायचे, उजवा गुडघा वर घ्यायचा आणि त्याच्या कडेला मला टेकवून उजवा डोळा लावायचा. कितीही वारा असो, मी हलत नसे. माणसाच्या हाताला कंप असतो, पण गुडघा खांबासारखा राहतो.

होरेसची मुलगी एनिड नऊ वर्षांची असताना तिने मला पहिल्यांदा डोळा लावला. ती त्याच्याशेजारी तशीच उताणी पडली होती आणि थंडीने तिचे दात वाजत होते.

"पोरी, उजवा डोळा," होरेस म्हणाला. "डावा मीट. डावा डोळा आळशी असतो, झोपू दे त्याला."

"बाबा, त्यांच्या मानेवर पांढरं काहीतरी आहे!"

"आहे ना? मग तो मोठा हंस. आता ज्याची मान नुसती काळी आणि पंखांवर पांढऱ्या रेघा, तो शोध. ते यंदाचं पिल्लू. ते सैबेरियातून उडत आलंय, तू इथे पोस्टापर्यंत चालायला कुरकुरतेस."

हे ब्रेंट नावाचे काळे हंस. बदकापेक्षा थोडे मोठे, आवाज मात्र घशात गुळणी धरल्यासारखा. एनिडने त्या दिवशी सात पिल्ले मोजली. तिच्या पापण्यांचे केस माझ्या काचेला लागत होते. तेव्हापासून ती माझी झाली, असे मी धरून चालले. ती माझी आहे असे तिला कोणी सांगितले नव्हते, ही गोष्ट निराळी.

होरेस गेल्यावर मी एनिडकडे आले. ती तोवर गावची टपालवाली झाली होती. लाल सायकल, पुढे टपालाची पिशवी, मागे मी. पत्रे वाटता वाटता ती बांधावर थांबायची, दोन मिनिटे उताणी पडायची आणि पुन्हा सायकलवर बसायची. कोणाची पत्रे पंधरा मिनिटे उशिरा पोचली तर लोक समजून जात की हंस आले. ती वर्षे माझी सर्वांत सुखाची. तिच्या आणि पक्ष्यांच्या मध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हते.

मग सिरिल पेग आला. हा पाणथळीतले बोरू कापून घरांची छपरे शाकारायचा. माणूस वाईट नव्हता. लग्नाच्या दिवशी त्याने एनिडला एक खोके दिले, तिने उघडले आणि आत ती बसलेली होती. काळी, बुटकी, दोन डोळ्यांची.

"दोन्ही डोळ्यांनी बघ की," सिरिल म्हणाला. "देवानं दोन दिलेत तर एक मिटून का बसायचं?"

मी खुंटीवर होते. त्या क्षणी माझ्या तिन्ही नळ्या आतल्या आत आवळल्या गेल्या. मित्रांनो, सवत म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले.

ती दुडोळी एनिडच्या गळ्यात असायची, मी पाठीवर. थंडी वाढली की एनिड तिला कोटाच्या आत घ्यायची, छातीच्या उबेला, आणि मी बाहेर पावसात. तिला उघडावे लागत नाही, लांब करावे लागत नाही, उताणे पडावे लागत नाही. कुंपणावर चिमणीएवढे काही हलले तरी एनिडचा हात तिच्याकडे जाई. मला दोन हात आणि एक गुडघा लागतो. ती जवळचे बघते, मी लांबचे. पण माणसाचे निम्मे आयुष्य जवळचेच बघण्यात जाते, हे माझ्या नशिबी आले.

सिरिल छपरावरून पडून गेला तेव्हा मला वाटले, आता तरी ती जरा बाजूला पडेल. उलटेच झाले. एनिड तिला घरातही गळ्यात घालून बसू लागली. गेलेल्या माणसाने दिलेल्या वस्तूशी स्पर्धा करता येत नाही. तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. मला वाटला तो राग. हे मी लपवून ठेवलेले नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

तरी एक गोष्ट निव्वळ माझी होती. ती म्हणजे मोजणी.

हिवाळ्यात महिन्यातल्या एका रविवारी, भरतीच्या वेळी, सगळ्या किनाऱ्यावरचे पक्षी एकाच तासात मोजायचे, असा तिकडे रिवाज आहे. प्रत्येकाला आपापला पट्टा. पक्षी इथून उडून तिथे गेला तर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तास एकच. आमच्या भागाची मोजणी नेव्हिल क्यूबिट बघायचा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, हातात कायम पेन्सिल. गावच्या सभागृहात त्याने एक तक्ता लावला होता. त्यात सर्वांत वर लिहिलेले असे, 'लांब बांध: एनिड पेग'. एकतीस हिवाळे ते नाव खोडले गेले नव्हते आणि एकतीस हिवाळ्यांत एनिडने एकही मोजणी चुकवली नव्हती. एकदा अंगात ताप असताना गेली. एकदा तर कुत्रा फिरवायला आलेल्या परक्या माणसाने तिला बांधावर पडलेली बघून गावात आरडाओरड केली, की एक बाई मरून पडली आहे. पबमधल्या मॉड गॉट्सने त्याच्यापुढे शांतपणे पेला ठेवला.

"टोपी निळी होती का?"

"हो, निळीच!"

"मग मेली नाही. पिल्लं मोजतेय. तिला हाक मारू नका, चुकलं तर तुम्हालाच मारील."

लांबवर चिखलात बसलेल्या हजार हंसांत पिल्ले किती, हे सांगणे दुडोळीचे काम नव्हते. तिथे मीच लागत असे. त्या वर्षी सैबेरियात पिल्ले जगली की मेली, हे सगळ्या देशाला कळायचे ते अशा मोजण्यांवरूनच. म्हणून महिन्यातला तो एक तास मी दुडोळीकडे बघायचीसुद्धा नाही.

एनिड अडुसष्ट वर्षांची झाली त्या साली हे सगळे बिघडले.

ऑक्टोबरच्या मोजणीला तिने मला डोळा लावला आणि काढला. काच रुमालाने पुसली. पुन्हा लावला. "धुकं धरलंय मेलीला," ती पुटपुटली. मला काही कळेना. माझ्या काचेवर धुके नव्हते, धूळ नव्हती, बुरशी नव्हती. मला हंस लख्ख दिसत होते. नोव्हेंबरात ऊन समोरून आले आणि ती जास्तच वैतागली. घरी येऊन तिने माझे सगळे पेच उघडले, काचा काढून स्पिरिटने पुसल्या, फुंकल्या, पुन्हा बसवल्या. त्या वयात कोणी अंगातली हाडे काढून धुतली तर कसे वाटेल? तेही मी सोसले. दुसऱ्या दिवशी तिने अंगणातूनच मला चर्चच्या छपरावर रोखले.

"अजून तसंच," ती म्हणाली. मग गळ्यातली दुडोळी डोळ्यांना लावली. "आणि ही बघ, आरशासारखी."

मला संशय आला तो हाच, की दुडोळीने तिचे कान भरले. इतकी वर्षे एकाच खुंटीवर राहून त्या बयेने काय काय सांगितले असेल! एनिड खोटे बोलते आहे, तिला मी नकोशी झाले आहे, तिला फक्त निमित्त हवे आहे. मी आठवडेच्या आठवडे हाच एक विचार करत होते. दुसरे काही कारण असेल असे माझ्या मनातही आले नाही.

डिसेंबरात तर नाचक्कीच झाली. मोजणी संपवून एनिड उठत होती. लांबच्या कुंपणाच्या खांबावर तिला काहीतरी पांढरे, मोठे, स्थिर दिसले. तिने मला लावले. कितीतरी वेळ बघितले. तिचे हृदय माझ्या नळीत वाजत होते. हिमघुबड! उत्तर ध्रुवाकडचे, बर्फासारखे पांढरे घुबड. होरेसला जन्मात एकदा दिसले होते. अरे, मी ओरडून सांगत होते, ते खताचे फाटके पोते आहे, त्यावर कंपनीचे नावसुद्धा आहे! पण आमचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

तिने गावात जाऊन फोन केले. दुपारपर्यंत तीन जिल्ह्यांतून गाड्या आल्या. पन्नासेक माणसे बांधावर उभी राहिली आणि वाऱ्याने ते पोते खांबावरून सुटून त्यांच्या डोळ्यांदेखत गडगडत गेले. कोणी मोठ्याने हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. लोकांनी मुकाट्याने आपापली सामग्री गाडीत टाकली. जन्मभर पक्षी बघणाऱ्या बाईला एवढा अपमान पुरे असतो. संध्याकाळी पबमध्ये कोणीतरी विचारलेच, "एनिड, घुबड पन्नास किलोचं की पंचवीस?"

दोन दिवसांनी नेव्हिल घरी आला. चहा झाला, आल्याची बिस्किटे झाली, तरी तो पेन्सिल फिरवत बसला.

"बोल ना बाबा," एनिड म्हणाली. "पोत्याचं बोलायला आलास ना?"

"पोत्याचं कोणाचंही होतं गं. मी एकदा बोट बांधायच्या खुंट्याला बगळा म्हणून अर्धा तास बघत होतो." तो थांबला. "पिल्लांचं बोलायला आलोय. सगळ्या किनाऱ्यावर यंदा पाच हंसांमागे एक पिल्लू आहे. तुझ्या पट्ट्यात ऑक्टोबरात तीन, नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात शून्य. हजार हंसांत शून्य?"

एनिडने बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली.

"जानेवारीला डॉक्टर ॲशकॉम्ब तुझ्याबरोबर येतील. दोघी मोजा, वेगवेगळं लिहा. मग बघू, पुढच्या हिवाळ्यात लांब बांध कोणाकडे द्यायचा ते."

"ती उन्हाळ्यात राहायला आलेली?"

"ती पहाटे पाचला उठून पक्षी बघते, एनिड."

"मी काय, पाचला उठून दाढी करते?"

नेव्हिल हसला, पण निघताना त्याने आपले म्हणणे मागे घेतले नाही. दार लागल्यावर एनिडने मला खुंटीवरून काढले. मला वाटले, आता जवळ घेईल. तिने मला जिन्याखालच्या कपाटात, बूट आणि झाडूच्या मध्ये उभे केले. "तुझ्यामुळे," एवढेच म्हणाली. नाताळ मी तिथेच काढला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "तू तरी धड आहेस बाई." हे ती दुडोळीला म्हणत होती. मी काय सोसले ते सांगत नाही.

जानेवारीच्या रविवारी तिला मला बाहेर काढावेच लागले. लांबचे बघायला दुसरे होते काय? बांधावर डॉक्टर फिलिपा ॲशकॉम्ब आधीच आल्या होत्या. उंच, सडपातळ, नवाकोरा कोट. आणि त्यांच्यापुढे ती उभी होती. हिरव्या अंगाची, तीन पायांची, ताठ दुर्बीण. तिला गुडघा नको, उताणे पडणे नको. माणसाने फक्त वाकायचे. दुडोळीचा राग मी तीस वर्षे पाळला होता. हिचा एका क्षणात आला.

"नमस्कार, मिसेस पेग. तुम्ही झोपून बघता असं ऐकलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "खरंच झोपता?"

"उभ्यानं बघायला पैसे पडतात का तुमच्याकडे?" म्हणत एनिड उतारावर आडवी झाली.

भरती चढली. हंस आले, एकामागून एक काळ्या रांगा. त्यांच्यामागून टिटव्या, तुतवार आणि शीळ घालणारी बदके. ऊन कोवळे पण समोरून होते. एनिडने मला डोळा लावला. तिने हंस दहा-दहाच्या गटांनी मोजले. काळे ठिपके मोजता येत होते. पण पिल्ले? ती डोळा ताणत होती, मिटत होती, पुसत होती. वहीवर पेन्सिल टेकून राहिली. बाजूला डॉक्टर भराभरा लिहीत होत्या.

शेवटी एनिड उठून बसली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"डॉक्टर, मी खोटं लिहिणार नाही. माझ्या या भांड्यात काही दिसत नाही. मला पिल्लं मोजायचीत. तुमच्यातून बघू द्याल का?"

मित्रांनो, माझ्या देखत! एकतीस हिवाळ्यांचा माझा तास, आणि ती गुडघ्यावरची माती झटकून त्या तीनपायीपुढे वाकली. मला त्या क्षणी खाडीत घरंगळत जावेसे वाटले.

एनिडने उजवा डोळा लावला. थोडा वेळ गेला.

"हिलाही धुकं धरलंय," ती म्हणाली.

आहाहा! मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या नव्या, महागड्या, ताठ बयेलाही धुके! मी गवतात पडून अक्षरशः चमकत होते. डॉक्टरांनी घाईने येऊन काच पुसली, स्वतः बघितले.

"नाही हो. लख्ख आहे."

"असं कसं? मला तर सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतंय."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितले. मग माझ्याकडे. आणि त्या नव्याकोऱ्या कोटासकट त्या ओल्या उतारावर उताण्या पडल्या, गुडघा वर घेतला आणि मला डोळा लावला. पन्नास वर्षांत एनिडशिवाय दुसऱ्या कोणाचा डोळा माझ्याशी आला नव्हता.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "मिसेस पेग, ही तर माझ्या दुर्बिणीपेक्षा चांगली आहे."

ही स्तुती मला कोणत्याही दिवशी हवी होती. त्या दिवशी ती ऐकताना माझी नजर एनिडवर होती. ती रुमालाने स्वतःचा उजवा डोळा पुसत होती. दोन दुर्बिणी लख्ख आणि दोन्हीत तिला धुके. म्हणजे धुके कुठे होते? मला आता कळले. मी तीन महिने जिच्यावर चडफडत होते, ती खोटे बोलत नव्हती. आणि एका घटकेपूर्वी मी ज्यावर खूश होऊन चमकले होते, ते तिचे आंधळेपण होते. माझ्या अंगावर कोणी थंडगार पाणी ओतावे तसे झाले.

"मी चाळीस वर्षं शाळेतल्या मुलांचे डोळे तपासलेत," डॉक्टर उठत म्हणाल्या. त्यांनी आपला हातमोजा काढून एनिडच्या उजव्या डोळ्यावर धरला. "आता डाव्यानं बघा."

"डाव्यानं? डावा आळशी असतो."

"कोण म्हणतं?"

"माझे बाबा."

"ते डोळ्यांचे डॉक्टर होते?"

"खाजणाचे राखणदार होते. पण तुमच्याहून शहाणे होते."

"असतील. तरी बघा."

एनिड वाकली. डावा डोळा लावला. खाजणात हंसांची गुळगुळ चालू होती.

"रेघा दिसताहेत," ती म्हणाली. "पंखांवरच्या. ते एक पिल्लू. ते दुसरं. अगं बाई, ती तर सगळीकडे आहेत!"

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. दुडोळीतून दोन्ही डोळे बघत, डावा उजव्याचे सांभाळून घेई, म्हणून तिला दुडोळी आरशासारखी वाटायची. माझ्यात मात्र साठ वर्षांच्या सवयीने फक्त उजवा. ही चूक दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. उभ्याने बघणारा माणूस कधीतरी चुकून डावा लावतो. उताणे पडणाऱ्याचे सगळे अंगच उजवीकडे वळलेले असते.

एनिडने मला उचलले. तिथल्या तिथे डावा गुडघा वर घेऊन पडायला गेली आणि कोलमडली. दुसऱ्यांदा कोलमडली. डॉक्टरांनी तिची पाठ धरली, तेव्हा कुठे जमले. तिने अकराशे बेचाळीस हंस मोजले आणि त्यांत दोनशे चार पिल्ले. डॉक्टरांची मोजणी अकराशे साठ आणि दोनशे अकरा. उडत्या पक्ष्यांच्या मोजणीत एवढा फरक चालतो.

पट्टा वाचला होता. एनिड गप्प राहिली असती तर तेवढ्यावर भागले असते. पण त्या दुपारी ती ओल्या कपड्यांनीच सभागृहात गेली आणि नेव्हिलपुढे उभी राहिली.

"ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिन्ही खोड."

"एनिड, जरा विचार कर. खोडले तर एकतीस हिवाळ्यांची सलग मोजणी तुटते. असा तक्ता सगळ्या किनाऱ्यावर कोणाचा नाही."

"मग नसू दे. मला दिसली नाहीत म्हणून पिल्लं नव्हतीच, असं लिहून ठेवू? पुढं कोणी वाचलं तर म्हणतील, त्या साली लांब बांधावर एकही पिल्लू आलं नाही. दोनशे चार आली होती. मी मोजलीत."

नेव्हिलने तिच्याकडे बघितले, पेन्सिलीवरून बोट फिरवले आणि तीन घरांवर आडवी रेघ मारली. तिसरी रेघ मारताना एनिडने पाठ फिरवली. मी तिच्या पाठीवर होते, म्हणून मला ती रेघ दिसली, तिला नाही.

फेब्रुवारी आणि मार्चची मोजणी तिने डाव्या डोळ्याने केली. पुढच्या हिवाळ्यासाठी पट्टा तिच्याकडेच राहिला. डॉक्टर आपणहून बरोबर येऊ लागल्या. वही त्या धरायच्या, एका थर्मासमधला चहा दोघी प्यायच्या आणि एकमेकींना अगं-तुगं करायच्या. तेही मला आवडले नाही, पण आता मी कोणत्या तोंडाने बोलणार?

शस्त्रक्रियेला सप्टेंबर उजाडला. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढून फिलिपाने तिला घरी आणले आणि ती चहा ठेवायला आत गेली. एनिड खिडकीशी खुर्चीत बसली होती. समोर टेबलावर आम्ही दोघी होतो, दुडोळी आणि मी. आता ती कोणाला उचलते, यावर माझा जीव टांगला होता. एवढे सगळे झाल्यावरही, मित्रांनो.

तिने मला उचलले. पण डोळ्याला लावले नाही. मला मांडीवर आडवे धरून ती नुसती बघत राहिली. माझ्या कातड्याच्या कडेवरची टाक्यांची ओळ तिने बोटाने मोजली. पितळेवर कोपऱ्यात कारागिराने खरवडलेली बारीक खूण तिला सापडली. ती मलाही ठाऊक नव्हती.

"फिलिपा," तिने हाक मारली, "ही चॉकलेटी आहे गं! मी इतकी वर्षं हिला काळी समजत होते."

सत्तर वर्षे सगळ्यांनी माझ्यातून बघितले. हंस बघितले, जहाजे बघितली, खताचे पोतेही बघितले. माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी बघत होते. मी चांगली दिसते, हे मला माहीत नव्हते. मी फार अवघडले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल घाला, कोरड्या जागी ठेवा, हे तुम्हाला शाळेत शिकवतील. तेही करा. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस म्हणू लागले, की या दिव्याला हल्ली उजेडच पडत नाही, हा चष्मा बिघडला, वर्तमानपत्राची छपाई फिकी झाली, तर लगेच दिवा बदलू नका, आणि चिडूही नका. त्यांचा हात धरा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा आणि तिथे त्यांच्याशेजारी बसून राहा. आणि ती वस्तू फेकण्याआधी एकदा उजेडात धरून तिच्याकडेही नीट बघा.

माझे म्हणाल तर मी आता दर महिन्याला दोन्ही गुडघ्यांवर टेकते, आलटून पालटून. दुडोळी अजून एनिडच्या छातीवर, कोटाच्या आत उबेला असते. मला ते अजूनही खपत नाही.